मामांच्या घरचा बिको

माझ्या बायकोच्या मामांनी बत्तीस वर्षं एका संस्कृतीची अखंड सेवा केली. ती संस्कृती त्यांची नव्हती, तिने ही सेवा मागितलेली नव्हती आणि सेवेचा बराचसा भाग खाण्याच्या स्वरूपात होता, हे तपशील मामा वगळतात. मीही सुरुवातीला वगळत असे. घरचा जावई असल्यामुळे मला काही गोष्टी गांभीर्याने घ्याव्या लागतात.

मामा मूळचे गुहागरकडचे. जहाजांची इंजिनं तपासणारे इंजिनिअर म्हणून ते हॅम्बर्गच्या बंदरात आले, एका ओल्या शिडीवरून घसरले आणि ज्या नर्सने त्यांचा पाय बांधला तिच्याशी त्यांनी लग्न केलं. मामी फिलिपिन्सच्या. त्यांची धाकटी बहीण, बहिणीचा जर्मन नवरा, चुलत-मावस भावंडं आणि त्यांची मुलं असा पंचवीस-तीस जणांचा गोतावळा याच शहरात होता. मामांच्या बाजूने म्हणावं तर आम्ही दोघं आणि आमची मुलगी, तेही आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलेलो. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे वाढदिवस, बाप्तिस्मा, नाताळ, कुणी ड्रायव्हिंगची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालेलं, असं सगळं मामींच्या घरी साजरं होई. टेबलाच्या एका टोकाला पान्सित नावाच्या बारीक नूडल्सचं भलंमोठं पातेलं, मग व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेला आडोबो, मग तळलेल्या लुंपियांचा डोंगर. दुसऱ्या टोकाला काकानिन, म्हणजे चिकट तांदूळ आणि नारळ यांतून त्यांच्याकडे जे जे गोड निर्माण होतं ते सगळं. वाफवलेला पुतो, केळीच्या पानात बांधलेला सुमान, आणि मध्यभागी मामींचा बिको. नारळाच्या दुधात आणि काळ्या साखरेत भात तासभर घोटून केलेला, थापलेला, वरून तकतकीत. मी धार्मिक माणूस नाही, पण तो बिको समोर आला की माझा आवाज आपोआप खाली येई.

मामा जन्माने शाकाहारी आहेत, आणि जिथे जिथे फॉर्म भरावा लागतो तिथे ते आजही तसंच लिहितात. आडोबोबद्दल त्यांचं म्हणणं असं की त्याला चव सोया सॉसची असते, आणि सोयाबीन हे कडधान्य आहे. कोळंबीला ते "समुद्राचा भाजीपाला" म्हणतात. एकदा माझ्या बायकोने विचारलं, "मामा, आणि ते अख्खं डुक्कर भाजलं होतं नाताळात, ते?" मामांनी घास संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मी फक्त बाजूचं खाल्लं."

गोड पदार्थांच्या बाबतीत मात्र ते तडजोड करत नसत. जगातला प्रत्येक काकानिन कोकणातून गेला आहे, असा त्यांचा सिद्धांत. पुतो म्हणजे सांदणाचा धाकटा भाऊ, सुमान म्हणजे पातोळ्यांचं समुद्रापलीकडचं घराणं. "जावईबापू, बिको म्हणजे नारळीभातच. फक्त वेलदोडा बोटीत राहून गेला." हा शोध ते दर वेळी नव्याने जाहीर करत, उभं राहून, चमच्याने ग्लास वाजवून. जेवणाआधी मामींची बहीण येशूची प्रार्थना म्हणे, तिचं आमेन होतं न होतं तोच मामा श्लोक म्हणत, सगळ्यांच्या ताटांभोवती पाणी फिरवत, आणि मग भाषण. ताटं कागदी असत. पहिल्या वर्षी माझं ताट पाण्याने मऊ पडून त्यातल्या नूडल्स माझ्या मांडीवर आल्या. बाकीच्यांना अनुभव होता. श्लोक सुरू झाला की सगळी माणसं ताटं उचलून छातीशी धरत, आणि नवख्याला वाटे हाही विधीचाच भाग आहे. भाषण लांबलं की मामींची बहीण, जिला सगळे तीता म्हणजे मावशी म्हणतात, तिथूनच ओरडे, "या, कूया, गेनाऊ! इस येत्स्ट!" कूया म्हणजे दादा. हो दादा, अगदी बरोबर आहे, आता जेव.

स्वयंपाकघरात मामांचं काम एकच होतं. बिकोच्या वड्या पाडणं. फिलिपिनो लोक चौकोनी तुकडे करतात. मामांना ते पटत नसे. ते नोकरीतली स्टीलची पट्टी आणून शंकरपाळ्यासारखे तिरके काप घेत, दोन्ही बाजूंनी मोजून, आणि कडेला उरलेले त्रिकोण "नमुन्यादाखल" स्वतः खात. मामी हात बांधून बघत राहत. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला याचा त्रास नाही होत? त्या म्हणाल्या, "त्यांना काहीतरी दिलं पाहिजे ना करायला. नाहीतर ते मदत करतील."

आणि जेवणं झाली की मामांचं समारोपाचं भाषण हॉलमध्ये चालू असताना घरातून अन्न नाहीसं होई. पातेली रिकामी, थाळ्या धुतलेल्या, आणि दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी. मामांच्या हे लक्षात आलेलं होतं. "माणसं सोन्यासारखी आहेत," ते मला एकदा हळूच म्हणाले, "पण जाताना स्वयंपाकघर धुऊन नेतात. मी बोलत नाही. प्रत्येक समाजात काहीतरी असतंच." ते क्षमाशील आहेत. न झालेल्या गुन्ह्यांबाबत तर फारच.

दीड वर्षापूर्वी मामी गेल्या. आजार सहा आठवड्यांचा. त्यानंतर मामांनी घरात एकच क्षेत्र पूर्ण ताकदीने चालू ठेवलं, ते म्हणजे कचऱ्याचं वर्गीकरण. कागद वेगळा, काच रंगवार, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, झाकणं सुटी करून. दिवसाला तीन-तीन वेळा. आम्ही गेलो की ते कुठलं तरी वेष्टन हातात घेऊन उभे असत आणि हे नक्की कुठल्या डब्यात जातं यावर आमचं मत घेत. मग आमच्या मताविरुद्ध टाकत.

फिलिपिनो लोकांत माणूस गेल्यावर वर्षाने एक दिवस करतात, बाबांग लुक्सा. दुःख उतरवून ठेवायचा दिवस. प्रार्थना होते, काळे कपडे निघतात आणि मग सगळं घर जेवतं. आपल्याकडचं वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे त्याच्या अकरा दिवस आधी येत होतं. मामांनी पंचांग पाहिलं आणि हॅम्बर्गला तिथी उशिरा पोचते असा निर्णय दिला. पण त्याआधीच तीताचा फोन आला होता. कूया, तू दमू नकोस, या वेळी सगळं आमच्याकडे करू.

या फोनबद्दल मामांनी मला बंदरातल्या फेरीबोटीवर सांगितलं. शनिवार होता, पाऊस बारीक, आणि मामा डेकवर उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत होते, दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा घ्यावी तसा.

"म्हटलं नाही. माझ्याकडेच होणार. बिकोही मीच करणार."

"अहो मामा, त्या प्रेमानेच म्हणाल्या असतील."

"प्रेमानेच. तेच तर." त्यांनी कठड्यावरचं पाणी हाताने निपटलं. "जावईबापू, एकदा तिच्याकडे झालं की पुढचं सगळं तिच्याकडेच. मग मी कोण? बहिणीचा नवरा. आणि बहीणच नाही, तर नवरा कशाचा?"

बोट धक्क्याला लागली. मामांनी उतरताना चालकाला इंजिनाचा एक दोष सांगितला. तो "मॉइन" म्हणाला, म्हणजे इकडचा नमस्कार.

तो दिवस आला. पान्सित, लुंपिया तीता घेऊन आली. बिको मामांनी सकाळीच माझ्या साक्षीने केला. तो अखंड ढवळावा लागतो, पण मामांच्या मते तापमान स्थिर झाल्यावर ढवळणं ही केवळ अंधश्रद्धा. त्यांनी भातात थर्मामीटर खोचला, मला तो वाचायला बसवलं आणि स्वतः भाषणाचे मुद्दे काढायला गेले. थर्मामीटर शेवटपर्यंत स्थिर होता. वास आला तेव्हाही स्थिर होता. थापल्यानंतर मामांनी वड्या पाडायला पट्टी घातली, ती आत गेली आणि तिथेच राहिली.

प्रार्थना झाली. श्लोक झाला, सगळ्यांनी ताटं उचलली. बिकोचा एकेक तुकडा प्रत्येकाने घेतला आणि टेबलावर शांतता पसरली. त्या घरात जेवताना शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. तीता बराच वेळ चावत होती.

"कूया, थर्मामीटर लावलास?"

"या," मामा म्हणाले, म्हणजे हो.

"मेर्क्ट मान," ती म्हणाली, म्हणजे कळतंय. मग उठली, स्वयंपाकघरातून करपलेलं पातेलं घेऊन आली आणि तळाची खरवड डावाने खरवडून खाऊ लागली. तिच्यापाठोपाठ दोघं-तिघं आले. करपलेल्या भातावर जगातल्या सगळ्या भातखाऊ जमातींचं एकमत आहे, हा सिद्धांत मात्र मामांचा नाही, माझा.

इथपर्यंत ठीक झालं. खरा प्रकार घडला तो निघताना. मामांनी समारोपाचं भाषण केलं. माणसं उठली, पॅसेजमध्ये गेली, बूट चढवले, कोट घातले आणि उभी राहिली. कुणी दार उघडेना. मामांना वाटलं, भाषण आवडलं. त्यांनी आणखी एक केलं. पंचवीस माणसं त्या अरुंद पॅसेजमध्ये कोटांत घामाघूम होत नम्रपणे ऐकत होती. आमच्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं की हे लोक कशाची वाट बघताहेत, आणि मी तिला गप्प केलं, कारण मलाही माहीत नव्हतं. मामा तिसऱ्या भाषणासाठी घसा साफ करू लागले तेव्हा तीता खालच्या आवाजात म्हणाली, "कूया. माझं बालोत?"

बालोत म्हणजे पाहुण्याला घरी नेण्यासाठी बांधून दिलेलं अन्न. ते मागायचं नसतं आणि आपल्या हाताने घ्यायचं तर मुळीच नसतं. घरच्याने भरायचं आणि हातात द्यायचं. न देता वाटेला लावलं, तर त्याचा अर्थ एकच, की पुन्हा येऊ नका. बत्तीस वर्षं मामा हॉलमध्ये बोलत असताना आत मामी एकेकाच्या आवडीप्रमाणे डबे भरत होत्या. हे तीताने चार वाक्यांत सांगितलं. मामांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहू नये असं वाटलं.

ते आत गेले. मी मागे गेलो. "तिचे ते प्लास्टिकचे डबे," ते म्हणाले. आइस्क्रीमचे, दह्याचे, लोण्याचे रिकामे डबे मामी धुऊन तळघरात रचून ठेवत. "खूप होते."

"मग आणू का?"

"मी दिले ना." ते ओट्याला धरून उभे होते. "पिवळ्या पिशवीत. चार पिशव्या भरल्या. झाकणं वेगळी करून."

फॉइल बिको झाकण्यात संपलं होतं. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी खोकलं. मामा झोपायच्या खोलीत गेले, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तिच्यातून स्टीलचे डबे काढू लागले. अकरा होते. कड्यांची झाकणं, आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं त्यांच्या आईचं नाव. आईने ते त्यांच्या पहिल्या बोटीच्या वेळी दिले होते, आणि जपायचे म्हणून त्यांनी ते कधी मामींनाही वापरू दिले नव्हते. मग त्यांनी स्वतः भरले. अत्यंत वाईट भरले. खाली बिको, वर नूडल्स, कडेला लुंपिया उभ्या. माझी बायको पुढे झाली तर म्हणाले, "तू थांब गं. मीच."

पॅसेजमध्ये येऊन त्यांनी दर घरामागे एक असा डबा हातात दिला. भाषण केलं नाही. तीताने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे काय लिहिलंय?"

"माझी आई."

"मी परत आणून देईन, कूया. नक्की."

"रिकामा नाही आणायचा," मामा म्हणाले. "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. काहीतरी घालूनच."

हे तीताने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिचा नवरा, जो माझ्यासमोर वर्षाला सरासरी सहा शब्द बोलतो, त्याने डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "फांट?" फांट म्हणजे बाटली परत करण्यासाठी दुकानात ठेवून घेतात ती अनामत.

"गेनाऊ," मामा म्हणाले.

मग दार उघडलं आणि सगळे गेले.

पहिला डबा नऊ दिवसांनी आला, त्यात पुतो होता. मामांनी आधी एक मामींच्या फोटोपुढे ठेवला, मग उरलेले खाल्ले, डबा धुतला, आणि आता रिकामा कसा द्यायचा म्हणून बिको करायला घेतला. तो या वेळी त्यांनी तासभर ढवळला. तेव्हापासून ते डबे हॅम्बर्गच्या एस-बान लोकलमधून फिरताहेत. नाताळ मामांकडेच झाला. आता कुणी ना कुणी दर आठवड्याला बेल वाजवतं, बूट काढतं, बसतं. मामा त्यांना सुमानचं मूळ गाव सांगतात, आणि माणसं ऐकून घेतात. भाषणं जरा आखूड झाली आहेत. मध्येच ते थांबतात आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहतात, जणू आतून कुणीतरी पुरे म्हणेल. कुणी म्हणत नाही. मग ते आपणच पुरे करतात आणि डबा भरायला उठतात.

मागच्या आठवड्यात मामांची रक्ततपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर, जी साडेसहाच्या आत हवी, ती नऊ पूर्णांक एक निघाली.