कोलेजन वरच राहते, मिरची आत जाते

मैत्रिणींनो, आज दुपारचं सांगते, पण हसू नका.

माझी धाकटी जाऊ सुनंदा बोरगाव मेघेला भाजीपाला पिकवते. दिवसभर उन्हात असते, तोंडाला काही लावत नाही, तरी चेहरा लख्ख! मी पिपरी मेघेला आमच्या दुकानात पंख्याखाली बसते, दोन महिने झाले महागडी कोलेजन क्रीम लावते, आणि गिऱ्हाईक विचारतं, "काकू, तब्येत बरी नाई का?"

आज सुनंदाकडे लोणच्याच्या हिरव्या मिरच्या चिरायला बसलो. फार्मसी शिकणारी माझी लेक म्हणाली, "आई, कोलेजनचे कण लय मोठे असतात. कातडीच्या आत जातच नाई. वरच बसून राह्यतात, थोडा ओलावा धरतात, बस."

तेवढ्यात माझी बोटं पेटली. साबणाने तीनदा धुतली, तरी आग थांबेना.

"मिरचीचं मात्र आत जाते," लेक म्हणाली. "तिचे कण बारीक असतात, अन् तेलात विरघळतात."

सुनंदा आरामात चिरतच होती. "मले नाई झोंबत आता, ताई. सवय झाली," म्हणत तिनं माझ्या बोटांना तेल चोळलं. जळजळ थांबली. निदान बोटांची तरी.

निघताना लेक म्हणाली, "ते क्रीम सुनंदाकाकूले देऊन टाक न. तुले काय उपयोग?"

डबी पर्समध्येच होती. मी दिली नाही. तुम्ही दिली असती का? क्रीम आत जात नाही, हे मलाही पटलंय. पण तिच्या कातडीत गेलीच तर?