बांधावरचा रस्ता

मी संशयी आहे. शाळेत पोरांच्या वह्या तपासून तपासून ही खोड लागली असावी.

त्या पावसाळ्यात आंदर मावळातल्या आमच्या खाचरात टेकडीकडे निघालेली पर्यटकांची गाडी रुतली. नुकतीच भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झालेली. रोपं चिरडली, बांध फुटला. ड्रायव्हरनं मोबाईल पुढे केला. नकाशात आमच्या बांधावरून चक्क रस्ता होता, थेट गावच्या घरापर्यंत! आणि घरामागच्या टेकडीवर कुणाच्या तरी बंगल्याचं काम चाललेलं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

जमीन सामायिक. वडील गेल्यावर वाटणी झालीच नाही. मोठे काका, म्हणजे आमचे आबा, एकटे कसतात आणि आमच्या वाट्याचा तांदूळ न मागता लोणावळ्याला आमच्या घरी पोचवतात. बंगलेवाल्याला वाट हवी असणार, आबांनी आम्हाला न विचारता दिली असणार आणि पुढे वहिवाट सांगता यावी म्हणून कुणीतरी ती नकाशावर चढवली असणार. मी सातबारा काढला, फेरफार पाहिले. काहीच सापडलं नाही, त्यानं तर संशय आणखी वाढला.

शेवटी आबांना तोंडावर विचारलं, "आबा, बंगलेवाल्याला सही कधी दिलीत?"

ते फुटलेला बांध घालत होते. "सई? कसली सई?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा चिखल थापायला लागले. टाळताहेत, असं मला वाटलं.

घरी येऊन तक्रार करायला नकाशा उघडला. त्यात आपण आधी सुचवलेले बदल दिसतात. तिथे माझीच नोंद होती: 'रस्ता जोडला.' धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी पाहुणे चुकू नयेत म्हणून मीच बोटानं रेघ ओढली होती आणि साफ विसरले होते. आबा फोनवर नेहमी सांगायचे, "रस्त्यानं ये गं, वढ्यातनं नको." आमच्याकडे बांधावरच्या पायवाटेलाही रस्ताच म्हणतात. नकाशाला मात्र रस्ता म्हणजे गाडीचा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेघ काढायची विनंती पाठवली आणि रविवारी जाऊन आबांना सगळं कबूल केलं.

"चुकतं मानूस," ते म्हणाले. चुलतीनं चहा दिला. मला हायसं वाटलं.

निघताना आबा फाट्यापर्यंत आले. एसटी दिसल्यावर म्हणाले, "तहसिलीत यायला कदी सवड हाय तुला? वाटणी करून टाकू. म्हंजी तुला परत इचारायची पाळी न्हाई यायची."