धागोर देशाचं नाणं

परब बोलायला लागण्याआधी ओठांचा चंबू करून हवा आत ओढायचा. 'सुप्' असा बारीक आवाज व्हायचा आणि मग वाक्य सुरू. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला तुच्छ लेखतोय. तसं काही नव्हतं. गिरणीच्या साचेखात्यात त्याची हयात गेली होती. जुन्या काळी मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने धागा बाहेर ओढावा लागे. कांडी संपली की नवी घालायची, धोटा तोंडाशी न्यायचा, सुप्. दिवसातून शेकडो वेळा. पुढे ती पद्धत गेली, पण परबाच्या ओठांना ते कुणी कळवलं नाही. तुच्छ लेखण्याचं काम आमच्या दोघांत मी करत होतो, आणि मन लावून करत होतो.

भिकाजी परब मूळचा मालवणकडचा. डिलाईल रोडच्या एका चाळीत राहायचा, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. वयाने माझ्या वडिलांएवढा. तोंडावर मी त्याला कायम 'काका' आणि 'तुम्ही' म्हणालो. इथे एकेरी लिहितो आहे, कारण तो माझ्या वडिलांना एकेरी हाक मारायचा आणि वडील त्याला 'तुम्ही' म्हणायचे. दोघे एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर कामाला जाणारे. फरक एवढाच की परब साचेखात्यात आणि वडील रिंगखात्यात. रिंगखात्यात सूत कातलं जायचं, साचेखात्यात त्याचं कापड व्हायचं, आणि पगार साचेखात्याचा जास्त.

संप लागला आणि लांबत गेला. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी बायकामुलांना गावी धाडलं, कुणी रोज नाक्यावरच्या सभेला जाऊन घसा बसवून यायचा. परबाने शंभर पानी वही आणली आणि देश करायला घेतला. कुणी विचारलं, "काय काका, काय चाललंय?" तर म्हणायचा, "देश करतंय." तेही अशा थाटात की जसं काही सुताराने पलंग करायला घेतलाय.

मी तेव्हा गिरगावात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचो. वाचनालयांना लागतात तशी राक्षस-राजकन्येची पुस्तकं तो छापायचा. परबाला ते ठाऊक होतं. एका सकाळी वही घेऊन घरी आला आणि म्हणाला, "झिला, तुजा अक्षर बरा. ह्या उतरून दी आणि तुज्या शेठाक दाखव."

देशाचं नाव धागोर. तिथे डोंगर चालतात, नद्या वर वाहतात, माणसं ढग वेचून त्यांचं कापड विणतात. इथवर ठीक होतं. पण परबाला गोष्ट पुढे नेताच येईना, कारण प्रत्येक वस्तूपाशी त्याचा एकच प्रश्न अडायचा: "पण ह्या केला कोणी?" राजाच्या अंगावर शेला आहे, तर तो विणला कुणी? राक्षस माणसं खातो, पण माणसं नसतील त्या दिवशी त्याला भाकरी कोण देतो? मी म्हटलं, "काका, वाचणाऱ्याला राजकन्या सुटली की झालं. राक्षसाच्या रेशनची चौकशी कोण करतंय?"

"सुप्. मी करतंय," तो म्हणाला. "चौकशी करूक नाय म्हणानच आमची ही गत झाली."

असं काही बोलला की मला तो आवडायचा, हे कबूल करतो. पुढच्या आठवड्यात त्याने राजाला काढून टाकलं, शेठजींना काढून टाकलं, मुकादमालाही काढलं. देशात उरली माणसं आणि त्यांचे वर्ग. वर्ग हा शब्द त्याला खपायचा नाही. "वर्ग नाय रे, खाती. खात्यात कोण मोठो नाय, कोण बारको नाय." आयुष्यभर गिरणी पाहिलेल्या माणसाने स्वर्ग काढला तरी त्याला खाती पडणारच, तेव्हा मी हसून सोडून दिलं. मग नाण्याचा नंबर लागला. धागोरचा पैसा म्हणजे सुताची कांडी. विणकराने धोट्यातून ती श्वासाने ओढली की ती जिवंत होते, चमकते, बाजारात चालते. वर्ष झालं की श्वास विरतो आणि तिचं पुन्हा साधं सूत होतं. "पैसो साठवूक गावता म्हणान शेठ होता," तो मला समजवायचा. "माज्या देशात पैसो वर्साभरात मरता. आता हो म्हणावं शेठ!"

प्रकाशक कधी नव्हे तो खूश झाला. अर्धी वही वाचून म्हणाला, ही नाण्याची भानगड नवीन आहे, उरलेली पानं द्या, दिवाळीला काढू. परबाच्या बायकोने तोवर खोली मोडून गावी जायचा घोशा लावला होता. परबाला मुंबई सोडायची नव्हती. पुस्तकाचे पैसे आले की संप मिटेपर्यंत तग धरता येईल, असा त्याचा हिशेब. बायकोला म्हणायचा, "छापून येऊंदे, मगे बग." त्या वहीवर त्याची खोली टिकून होती आणि उरलेली वही उतरायची माझ्याकडे होती.

उतरता उतरता एका पानावर हात थांबला. नियम लिहिला होता: कांडी कातणारे वेगळे, ओढणारे वेगळे. कातणाऱ्याच्या तोंडचा वारा लागला तर कांडी मरते. म्हणून कातणाऱ्यांनी आपली मजुरी विणकरांकडे आणावी आणि जिवंत करून न्यावी.

मी पेन खाली ठेवलं. माझे वडील आयुष्यभर रिंगखात्यात का राहिले, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्याला तोंड लावावं लागतं, आणि आमचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांनी तोंडाला कसा लावायचा? म्हणून आम्हाला तिथे मज्जाव. तोंडाने ओढणं बंद झालं तरी खाती बदलली नाहीत. शेठला हाकलून लावणाऱ्या, राक्षसाच्या भाकरीची काळजी करणाऱ्या या थोर माणसाने ढगातला देश केला आणि तिथेही माझ्या बापाला दाराबाहेर उभं केलं. वाईट हेतूने केलं असतं तर राग कमी आला असता. त्याला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी जाऊन मी वही त्याच्या पुढ्यात टाकली. "तुम्ही सगळ्यांना विचारता ना, कुणी केलं म्हणून? मग सूत कुणी केलं, काका?"

त्याने पान वाचलं, परत वाचलं. चेहरा उतरला. मग, देवाशपथ सांगतो, तो उजळला आणि म्हणाला, "चुकलंय खरा. तेंका आपण येगळा नाणा देव! चांदयेचा. आमच्यापेक्षा बरा."

"वेगळं नाणं," मी म्हटलं. "वेगळा नळही द्या मग. वेगळी भांडी द्या. राहूच द्या, काका, तुमचा देश आम्ही इथे रोज बघतो." आणि निघून आलो. त्याची बायको दारात उभी होती, तिला काही कळलं नाही.

तीन दिवसांनी, रविवारी दुपारी, तो आमच्या घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना लाकडी धोटा बरोबर. नवा नियम केला होता: देणाऱ्याने ओढायचं आणि घेणाऱ्यानेही ओढायचं, दोघांचा श्वास मिळाला तरच कांडी जिवंत. कुठलंही खातं असो. "करून बगल्याशिवाय मी लिवणार नाय," म्हणाला आणि धोटा वडिलांपुढे धरला. "गंगाराम, ओढ."

वडिलांनी लेंग्याला हात पुसले. धोटा घेतला, नीट फिरवून बघितला, भोकाला ओठ लावले. जन्मभर सूत कातलेल्या माणसाने पहिल्याच झटक्यात धागा बाहेर काढला आणि ते हसले. तसे हसलेले वडील मी संपात एकदाही पाहिले नव्हते. त्यांनी धोटा परबाला दिला.

परबाने तो उचलला आणि सदऱ्याच्या टोकाने भोक पुसलं.

मुद्दाम नाही. हात आपोआप गेला. पण पुसलं, आणि आम्ही तिघांनीही ते पाहिलं. धोटा त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर तसाच राहिला. मग त्याने तो मांडीवर ठेवला.

"असू द्या, परब," वडील म्हणाले. "सगळेच पुसतात."

"तुम्ही नाही पुसलात, बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परब गिरगावात जाऊन प्रकाशकाकडची, मी उतरून दिलेली अर्धी वही परत घेऊन आला. प्रकाशकाने माझ्यावर तोंडसुख घेतलं, ते वेगळंच. मी परबाला रस्त्यात गाठून विचारलं, नियमाची ती एवढी एक ओळ बदलून छापता आलं नसतं का? कुणाला कळणार होतं? तो म्हणाला, "माज्या देशात ऱ्हवाक आधी मीच नालायक. लोकांका कसो बोलावू?" मला तेव्हा ते वाक्यही नाटकी वाटलं. पण महिन्याच्या आत त्याची खोली गेली. ती गेलेली खोली काही नाटकी नव्हती.

गावच्या गाडीवर त्याला पोचवायला वडील गेले. मी गेलो नाही. परत आल्यावर विचारलं, "काही म्हणाला?"

"तू अजून रागावलायस का, विचारत होते. मी हो म्हटलं."

"मग?"

वडील खाटेवर बसले आणि त्याच्याच भाषेत, त्याच्याच चालीवर म्हणाले, "'ऱ्हवांदे. माका इतक्या वर्सांत दिसला नाय, ता तेका एका वळीत दिसला. तेका सांग, राग सोडू नको.'"

पुढच्या पावसाळ्यात गावाहून कार्ड आलं, परब गेला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवलो. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर कसला राग धरायचा, माफ करून टाक. मला जमत नाही. त्याने जाताना माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.