नकलेतली यादी

सूतगिरणीत मला घेतलं व्हतं भरलेल्या बॉबिना काढायला, पन माझी खरी ड्यूटी चहाच्या सुट्टीत लागायची. साहेबलोकायच्या नकला! जवळा बाजारच्या शाळेत हेडमास्तराची चाल काढून छड्या खाल्ल्या व्हत्या, तरी खोड गेली न्हाई.

नव्वदचं दशक सरत आलं व्हतं. त्या उन्हाळ्यात गिरणीत एकच बोलनं, कपात व्हनार. कोनी म्हने अर्धे लोक जानार, कोनी म्हने आमचं सूत कातायचं रिंग खातंच बंद. लेबर साहेबाच्या हातात कागद दिसला की लोक म्हनायचे, हीच यादी. लोक चिडून चिडून अशे झालते की कँटीनच्या पोऱ्याची एकानं गचांडी धरली.

"तू साहेबाच्या केबिनात चहा नेतूस. बोल, माझं नाव हाय का?"

"मला वाचता येत न्हाई वो दादा!"

तरी एक कानफटात बसलीच.

आमच्या खात्यात मशीनीचा आवाज असा, की कानाला तोंड लावलं तरी ऐकू यायचं न्हाई. म्हून आमी हातानं बोलायचो. अंगठा व्हटाला लावला की चहा. पँट वर वढली की लेबर साहेब, कारन त्याची पँट सारखी पोटाखाली घसरायची. एकानं हाताची खून केली की दुसऱ्यानं पुढं द्यायची, अशी बातमी त्या टोकापस्तोर.

आमच्या लाइनीवर जॉबरमामा व्हता, मशीनीचा मुकादम. बाळापूरकडच्या तांड्यावरचा. गिरणीतली पहिली मशीन चालू झाली तवा नारळ यानंच फोडल्ता. मशीन बिघडली की नुसता हात लावून रोग सांगायचा. आठ दिवसापासून गडी हसला नव्हता. म्हनलं, याला हसवू.

मी पँट वर वढली, एक कागद हातात घेतला, अन् साहेबासारखा पोट पुढं काढून निघालो. बोटाला थुंकी लावून कागद पाहिला. जॉबरमामापुढं थांबलो. त्याच्याकडं बोट केलं, मंग गेटाकडं. मामा खदाखदा हसला! मला वाटलं, जिकलो.

पन चार मशीनी सोडून उभ्या असलेल्याला माझं तोंड दिसत नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच: साहेब, कागद, जॉबरमामा, गेट. त्यानं खून पुढं दिली. त्या टोकाला जाईपस्तोर यादी निघाली व्हती, अन् मामाचं नाव पहिलं व्हतं.

नेमका तवाच तिकडून हजेरीबाबू आला, रजिस्टर छातीला धरून. पहिली बॉबिन त्याच्या कपाळावर बसली. मंग लाथा. बाबूला काय चाललंय कळंना, त्यानं रजिस्टर अजून घट्ट धरलं. लोकायला वाटलं, यादी यातच. एकानं पान्यानं त्याची बोटं ठेचली.

तिकडून खुना उलट्या फिरून आल्या. "यादी बाबूपाशी हाय, मामा, तू पहिला." अन् जो आत्ता माझ्या नकलेला हसल्ता, तोच मामा लोखंडी दांडा घेऊन पळाला. त्याला वळखूच आलं न्हाई की ही माझीच नकल फिरून आली.

मी वरडलो. कोन ऐकतंय? पळत जाऊन मेन स्विच वढला. मशीनी थांबल्या, तवा बाबूचं कन्हनं ऐकू आलं. मामाचा दांडा वर व्हता.

"यादी न्हाई मामा! म्या नकल केल्ती!"

"खोटं काहून बोलून राहिला?"

"आईची आन."

"मंग करून दाव."

बाबू रगतात पडलेला, अन् मी पँट वर वढली. पोट पुढं काढलं. कागदाला थुंकी लावली. मामाकडं बोट केलं, मंग गेटाकडं. कोनीबी हसलं न्हाई. मामाच्या हातातला दांडा खाली पडला, अन् त्याची मूठ माझ्या तोंडावर आली. पुढचे दोन दात तिथंच गेले. बाकीच्यायनं माझ्या फासळ्या मोडल्या. बाबूला सोडलं, येवढं बरं झालं.

पंधरा-वीस दिवसानं खरी यादी आली. घेऊन आला हजेरीबाबूच, उजव्या हाताला प्लॅस्टर. गेटावर समदे सरकून उभे राहिले, मामाबी. कोनाचा हात उठला न्हाई. बाबूला एका हातानं कागद चिकटवता येईना. मी पुढं झालो, कागद धरला.

"नीट धर," बाबू म्हनला. "मागच्यायला दिसत न्हाई. वाच मोठ्यानं."

मी घसा खाकरला.

"साहेबाच्या आवाजात नगं," तो म्हनला. "तुझ्या."

दात नव्हते, नुसती हवा निघत व्हती. तरी मी वाचलं. पहिलं नाव जॉबरमामाचंच व्हतं.