मकरंदला दिलेली गोळी

तारनाक्याच्या विद्यापीठात रंजना उंदरांच्या मेंदूवर संशोधन करायची. पिंजऱ्यातली कळ दाबली की उंदराला कोकेन मिळे, आणि तो खाणंपिणं विसरून कळच दाबत बसे. पण अफू मेंदूत ज्या दारांनी शिरते ती दारं अडवणारं एक औषध टोचलं, की त्याची कोकेनची ओढही ओसरायची. मार्गदर्शकांना त्यात प्रबंध दिसायचा. रंजनाला धाकटा भाऊ मकरंद दिसायचा.

देश खुला झाला, शहरात परदेशी कंपन्या आल्या, त्यांतल्या एकीत मकरंद लागला. गाडी आली, जुबिली हिल्सच्या पार्ट्या आल्या, मागोमाग ती पांढरी पूड. नोकरी गेली. अण्णा, म्हणजे वडील एकनाथराव, उभा जन्म वकिलीत बोलण्यात गेलेला माणूस, मुलाशी बोलेनासे झाले. आईचं मंगळसूत्र नाहीसं झालं, त्याच दुपारी रंजनानं कोठी बाजारातल्या ओळखीच्या औषधाच्या दुकानातून त्या औषधाच्या गोळ्या आणल्या.

"ही घेतलीस तर पुडीत मजाच राहणार नाही. पण खरं सांग मक्या, आणखी काही घेतोस?"

"काहीच नाही गं. शप्पथ. आण ती."

त्यानं गोळी गिळली. थोड्याच वेळात तो घामानं निथळू लागला, भडाभडा ओकला, पोट धरून फरशीवर गडाबडा लोळला.

"काय दिलंस मला, ताई? मेलो!"

रंजनानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "ब्राऊन शुगर ओढतोस?"

त्यानं कशीबशी मान हलवली. कोकेन उतरताना झोप लागावी म्हणून रोज ओढायचा. अफूच्याच जातीची ती नशा गोळीनं एका झटक्यात तोडली होती.

एकनाथरावांनी त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात उंदरांवरच्या प्रयोगाचं ऐकून डॉक्टर रंजनावर उखडले. "पहले जाँच नहीं कराना था? उंदीर खोटं बोलत नाही, अम्मा. नशेतला माणूस बोलतो."

"मग कोकेनवर इलाज काय?"

"पक्की गोळी नाही अजून. तुमच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही."

मकरंद जगला. घरी आल्यावर रंजनानं चहा पुढे केला, तर त्यानं कप उचलून आधी आईला एक घोट घ्यायला लावला. आई रडत प्यायली.

व्यसनमुक्ती केंद्रात जायला तो तयार झाला, तेव्हा रंजनानं पायात चपला सरकवल्या.

"तू नक्को," तो म्हणाला. "अण्णा येतील."

रिक्षा वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती.