वाढत्या मापाचा बूट

चोवीस वर्षांपूर्वी इचलकरंजीहून बहरीनला निघाले, त्या दिवशी माझ्या पायातले बूट एक नंबर मोठे होते. ते अण्णांनी आणले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, यंत्रमागांची दुरुस्ती करणारे जॉबर. मी सव्वीस वर्षांची होते, पाय वाढायचे थांबून कितीतरी वर्षं झाली होती. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "असू दे की. तिकडं उष्णता लई, पाय सुजतील. मोठं आसलं तर कापूस घालता येतो. बारकं आसलं तर काय घालणार?" आणि खिशातून कापूस काढून त्यांनी स्वतःच तो बुटांच्या टोकांत कोंबला. मुंबईच्या गाडीत चढेपर्यंत माझी टाच फटफटत होती. आई रडत होती आणि मी पायरीवर अडखळू नये म्हणून खाली बघत होते. जमलेल्यांना वाटलं, पोरगी डोळे लपवतेय.

मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनाही हे माप ठाऊक आहे. शाळेचा गणवेश टीप मारून आखूड केलेला, स्वेटर गुडघ्यापर्यंत, चपला पुढच्या वर्षीच्या. आजच्या मापाचं काही घेणं म्हणजे उधळपट्टी. ही सवय मी कापसासकट इथे आणली. त्या सवयीने काय केलं ते सांगते.

आम्ही बहरीनमध्ये उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीत राहतो. मी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे, माझा नवरा श्रीकांत इंजिनियर. मुलगी मुक्ता इथेच जन्मली. वाळवंटातल्या पोरीला बर्फाचं वेड कसं लागलं, असं गावाकडे विचारतात. जॉर्जिया इथून विमानाने जवळ आहे, थंडीत इथली बरीच मंडळी तिथे जातात. तेराव्या वर्षी मुक्ताने पहिल्यांदा स्की पायाला बांधली आणि ती आमच्या हातची गेली.

ती पंधरा वर्षांची असताना इथल्याच बुदैयातल्या एका व्हिलात सामानाची विक्री होती. एक कुटुंब फायनल एक्झिटवर, म्हणजे इथलं सगळं आवरून कायमचं, निघालं होतं. सोफा, कुंड्या, कुत्र्याचं घर, आणि कोपऱ्यात स्कीचे बूट. मुक्ताने पाय घातला. "आई, लूज आहेत." मी म्हटलं, "पाय वाढेल." दोन्ही वाक्यं खरी होती. पाय वाढलाही.

स्कीचा बूट म्हणजे खरं तर दोन बूट. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच आणि आत मऊ, जाड, काढता येणारा दुसरा बूट, त्याला लायनर म्हणतात. कवच वर्षानुवर्षं टिकतं. लायनर वापरून दबतो, पाय आत सैल होतो. गेल्या वर्षी निघताना मुक्ता म्हणाली, टाच उचलली जातेय. मी बॅग भरत होते. म्हटलं, "दोन लोकरी मोजे घाल." कापूसच तो, फक्त नाव बदललेलं.

तिसऱ्या दिवशी वळणावर टाच आतल्या आत उचलली गेली. स्की वळली नाही, मुक्ता पडली आणि गुडघ्याचा लिगामेंट अर्धा फाटला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर ऑपरेशन. मोज्यांबद्दल कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता ती शिकायला ऑस्ट्रियाला निघाली होती, डोंगरातल्या एका गावात. हॉस्टेलच्या खिडकीतून स्कीचा उतार दिसतो, असा फोटो तिने मला हौसेने दाखवला. स्की करू नकोस, हे म्हणायचा माझा हक्क त्या दोन मोज्यांत गेला होता. माझ्या हातात राहिला फक्त लायनर.

आधी मी जुना लायनर घेऊन इथल्या हूरा भागात दाऊदचाचांकडे गेले. ते रत्नागिरीचे, तीस वर्षं इथे चपला-बूट दुरुस्त करतात. माझ्या मनात होतं, टाचेला फोमचा तुकडा लावून घ्यावा. चाचांनी अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच.

"बाय, ह्यात दम नाय उरला. खलास."

"एक तुकडा लावून बघा ना, चाचा."

"लावीन. तुकडा लावायला काय? पण पोरगी पडली तर तू माझ्याकडं येशील की डॉक्टरकडं?" त्यांनी लायनर माझ्या पिशवीत परत घातला. "नवा घे. आणि मोठा नको घेऊ हां. आपली सगळी माणसं मोठा घेतात आणि मग माझ्याकडं येतात."

इथे स्कीचं दुकान नाही. परदेशातून मागवायचं, म्हणजे हातात न घेता, पाय न घालता निवड करायची. मी आठवडाभर वाचत बसले. एक तयार लायनर होता, पहिल्या दिवसापासून मऊ आणि सुखाचा, पण लवकर दबणारा. दुसरा गरम करून पायावर बसवायचा. सुरुवातीला आवळतो, मग पायाचाच होतो. मी दुसरा ठरवला. अडलं ते मापावर.

मुक्ताला भिंतीला टाच लावून कागदावर उभं केलं. डावा पाय चोवीस सेंटीमीटर आणि एक मिलिमीटर, उजवा चोवीस आणि तीन. लॅबची सवय, तीनदा मोजलं. मग रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे माझी बोटं सरकवली. दीड बोट. म्हणजे कवच बरोबर होतं. लायनर मात्र चोवीसचा मिळत होता नाहीतर पंचवीसचा. ज्या दुकानातून मागवायचं होतं तिथल्या बाईने ईमेलवर लिहिलं होतं, शंका असेल तर लहान घ्या आणि पायात मोजा एकच, पातळ.

तरी माझं बोट पंचवीसवरच जात होतं. त्यात व्हिडिओ कॉलवर अण्णा.

"पंचवीस घे की. वाढतं असावं."

"आजोबा, आय ॲम ट्वेंटी-टू!"

"मग काय झालं? तुझी आई सव्वीसची हुती."

मुक्ता हसली. मी नाही. सैल घेतला तर गुडघा, घट्ट घेतला तर बोटं बधिर होऊन ती तिकडे कुणाचे तरी भाड्याचे बूट घालणार. दोन दिवस फोनवर माप निवडायची ती चौकट उघडी ठेवून मी लॅबमध्ये चुकीच्या बाटल्यांवर लेबलं लावली. तिसऱ्या दिवशी चोवीस दाबलं.

पार्सल आलं तेव्हा ती निघायला चार दिवस होते. लायनर गरम करायची यंत्रं दुकानांत असतात. घरी करायचं तर सुती मोज्यांत तांदूळ भरायचे, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे आणि लायनरमध्ये कोंबायचे. मी कोलम तांदूळ भरले. आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्यासमोर कोणीतरी बुटाच्या टोकात काहीतरी कोंबत होतं, आणि या वेळी ते मीच होते. जास्त तापला तर लायनर वाया, आणि दुसरा यायला वेळ नाही. घड्याळ हातात घेऊन उभी राहिले. लायनर लोण्यासारखा मऊ झाल्यावर तांदूळ काढले, तिने पातळ मोजा घालून पाय घातला, श्रीकांतने तो पाय कवचात बसवला, बक्कलं आवळली.

"आई, इट हर्ट्स."

"कुठे? बोटांना की टाचेला?"

"एव्हरीव्हेअर!"

"मग ठीक आहे. पंधरा मिनिटं हलू नकोस."

ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी, एसी पूर्ण, आणि मला घाम. नववं मिनिट लागलं तशी ती गप्प झाली. मला वाटलं, पाय बधिर झाला. "बोटं हलव." हलतायत, अशी तिने मान हलवली. पंधरा झाल्यावर म्हटलं, "गुडघे वाकव." ती वाकली, बोटं बुटाच्या टोकापासून मागे सरल्याचं तिने सांगितलं. "टाच?"

तिने दोनदा जोर लावून पाहिला. "नाही हलत." मराठीत म्हणाली. तेव्हा मी खुर्चीवर बसले.

तांदूळ मी नंतर फेकले, भात केला नाही, हेही सांगून टाकते. अण्णांना ते पटलेलं नाही.

विमानतळावर तिचे बूट पिशवीत होते आणि पायात मापाच्या चपला. तिचं बहरीनचं रेसिडेंट कार्ड आता संपेल. पुढच्या वेळी ती आपल्याच खोलीत व्हिजिट व्हिसावर येईल. इचलकरंजीत आम्ही निवृत्तीनंतरसाठी वरचा मजला बांधून ठेवलाय, तोही वाढत्या मापाचा. त्यात अजून कोणाचा पाय पडलेला नाही. घर कुठलं असं कोणी विचारलं की या तिन्ही ठिकाणांची नावं माझ्या तोंडात येतात आणि एकही नीट बसत नाही.

पण एक सांगता येतं. अण्णा चोवीस वर्षं प्रत्येक फोनवर विचारतात, "पाय सुजत न्हाईत न्हवं?" मला त्याचा कंटाळा यायचा. तिकडे बर्फ पडायला लागल्यापासून दर रविवारी मी मुक्ताला फोन करते. ती जेवण, परीक्षा, मैत्रिणी, सगळं सांगते. शेवटी मी विचारते, "टाच हलत नाही ना?"

"आई, यू आस्क एव्हरी टाइम."

विचारणारच. घर आता माझ्यापुरतं एवढंच उरलंय: एका टोकाला अण्णा माझ्या पायांचं विचारतात, दुसऱ्या टोकाला मी तिच्या. गेल्या रविवारी उत्तर देऊन झाल्यावर तिने विचारलं, "आणि तुझे पाय?"