एकाहत्तराव्या गाण्याचा पत्ता

सोमवारी सकाळी पवनीहून ताईचा फोन आला. तिच्या मुलीची हळद गुरुवारी होती.

"बापू, आईचं ते अकरा ओळींचं गाणं पाठव. आजच पाठव. मले पाठ करा लागते."

आमच्या घरी हळद लावताना हे गाणं नवरीच्या आईनं म्हणायचं असतं. प्रत्येक ओळीत एक नातेवाईक येतो. मामा तेल आणतो, आत्या हळकुंडं आणते, काका आंब्याची डहाळी आणतो. ओळ सुटली की तो नातेवाईक सुटला. मागच्या एका लग्नात आमच्या आत्याची ओळ सुटली होती. आत्या अजूनही आमच्याकडे जेवायला बसली की म्हणते, "मले कमीच वाढा, मी गाण्यात नाही." ताईला आपल्या मुलीच्या लग्नात असं एकही माणूस तयार करायचं नव्हतं.

गाणं पूर्ण येतं ते फक्त आईला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आता ती एका वेळी आठच ओळी म्हणते, आणि दर वेळी वेगळ्या आठ. त्या सकाळी मी तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं आणि कागदावर खुणा केल्या. चारही वेळच्या मिळून दहा ओळी जमल्या. अकरावी कोणाची, ते तिलाच आठवेना.

"राहू दे," ती म्हणाली. "ज्याची असल तो भांडायले येईलच."

मी मात्र निश्चिंत होतो. कारण काही वर्षांपूर्वी, आवाज चांगला होता तेव्हा, मी आईची सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. एकशे अठरा गाणी, सहा तास, आणि सगळी एकाच फायलीत. सुट्या फायली हरवतात, असं माझं म्हणणं. "एकच ठेवली तर सारीच हरवते," असं बायकोचं. त्या मोठ्या फायलीच्या सोबतीला मी एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहिला होता आणि एक यादी केली होती: कोणतं गाणं फायलीत कितव्या बाइटपासून सुरू होतं. बाइट म्हणजे फायलीतला एक कप्पा समजा. माझ्या मुद्रणात एका सेकंदाला १,७६,४०० कप्पे लागतात. गाण्याचा नंबर दिला की प्रोग्राम यादीत पत्ता बघणार आणि थेट तिथून वाजवणार. हळदीचं गाणं होतं एकाहत्तरावं.

ज्या जुन्या संगणकावर हे सगळं केलं तो उन्हाळ्यात बंद पडला. फाईल, यादी आणि प्रोग्राम मी नव्या लॅपटॉपवर आणले होते, पण चालवून पाहिले नव्हते. आता चालवले. एकाहत्तर टाकलं. उत्तर आलं, फाईल एवढी मोठी नाही. म्हटलं, पहिलं गाणं बघू. तेही नाही. त्याचा पत्ता म्हणून अठरा अंकी आकडा पडद्यावर आला. मी त्याला १,७६,४०० नं भागलं, सेकंदांची वर्षं केली.

"काय म्हणते तुमचा संगणक?" बायकोनं विचारलं.

"पहिलं गाणं साडेचोवीस हजार वर्षांनी सुरू होईल."

आई भिंतीला टेकून बसली होती. "तवरिक नवरदेव थांबते का, ते विचारून घे."

बायको माझ्या गणितावर फार काळ अवलंबून राहत नाही. "अजी, तुमी करा हिशेब. मी पहिल्यापासून ऐकत बसतो, येईल तेव्हा येईल." तिनं फाईल पेनड्राइव्हवर घेतली, टीव्हीला लावली आणि सकाळी दहाला गाणी सुरू झाली. माझ्या यादीत सेकंदही वेगळे लिहिलेले असते तर तिला तीन तास एकतीस मिनिटांवर जा म्हणालो असतो. ते मी लिहिले नव्हते. पत्त्यातून कधीही काढता येतील, असं तेव्हा वाटलं होतं.

टीव्हीवर आई गात होती आणि समोर बसलेली आई तिच्या चुका काढत होती. दोघी सासू-सुना सोबतच लग्नघरी पाठवायचा तांदूळ मोजत होत्या. बायकोनं हाताला लागलं ते लाकडी माप उचललं, तशी आई एकदम ओरडली.

"तो कुडो नोको घेऊ वो! तो माया माहेरचा, एकोडीचा. तो मोठा हाय. ताईले सांगितलं वीस कुडो, ते आपल्या कुडोचे."

"वीस म्हणजे वीसच नं, आई?"

"वीस कोणते, ते पहाय ना पयले."

मी टेबलाशी बसून हे ऐकलं आणि यादीकडे पाहिलं. जुन्या संगणकाच्या प्रोसेसरचं माप लहान. तिथे माझ्या प्रोग्रामनं प्रत्येक पत्ता चार कप्प्यांत लिहिला होता. नव्या प्रोसेसरचं माप मोठं. तोच प्रोग्राम इथे आठ कप्पे एकदम उचलत होता, म्हणजे दोन गाण्यांचे पत्ते एकमेकांना चिकटवून एकच आकडा वाचत होता. यादी बरोबर होती, माप माहेरचं होतं. प्रोग्राममध्ये मी चार-चारच कप्पे उचलायचे असं लिहिलं आणि पहिलं गाणं टाकलं. वाजलं. दुसरं वाजलं. चाळिसावं वाजलं. सत्तरावंही वाजलं. मी बायकोला हाक मारली आणि जरा ऐटीत एकाहत्तर टाकलं.

पत्ता आला: उणे २,०५,९९,७९,२५२.

"उणे म्हणजे?" बायको म्हणाली. "आईंनी गायच्या आधीच?"

बहात्तरही उणे, त्र्याहत्तरही उणे. एकशे अठरापर्यंत सगळी उणे. खरं सांगायचं तर जुन्या संगणकावर मी पहिली पाचच गाणी वाजवून पाहिली होती आणि बाकी बरोबरच असणार असं धरून चाललो होतो. हे मी बायकोला सांगितलं नाही, पण तिला ते कळलं. "एरवी गॅसच्या टाकीची तारीख भिंतीवर लिहिता," एवढंच ती म्हणाली आणि टीव्हीसमोर परत गेली. आता भरवसा टीव्हीवरच होता. मी जेवलोही तिथेच.

दीड वाजायला आला आणि गाणं मध्येच तुटलं. टीव्ही क्षणभर गप्प राहिला, मग पहिलं गाणं पुन्हा सुरू झालं.

"हात नाही लावला मी," बायको म्हणाली. पुन्हा लावून बघण्यात आणखी तीन तास गेले असते. तिकडे ताईचे दोन फोन येऊन गेले होते. दुसऱ्या वेळी ती नुसती "बरं" म्हणाली. ताई "बरं" म्हणाली की घरात सगळे सावध होतात.

"किती वाजता सुरू केलं होतं?"

"दहाले. दहाच्या बातम्या लागल्या नं, तवाच."

आणि तुटलं ते एक बावीसला. मी सेकंद केले, १,७६,४०० नं गुणलं. गुणाकार दोन अब्ज चौदा कोटींच्या आसपास आला. तो आकडा मला ओळखीचा वाटला. निम्मी जागा उण्या आकड्यांना सोडली की चार कप्प्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. माझ्या फायलीत तिथे पोचायला बरोबर तीन तास बावीस मिनिटं चौपन्न सेकंद लागतात. म्हणजे टीव्हीच्या आतही जुन्याच मापाचा प्रोसेसर होता. स्कूटरचा मीटर भरला की शून्यावर येतो, तसा टीव्ही पहिल्या गाण्यावर आला. माझा जुना प्रोग्राम मात्र मीटर भरल्यावर शून्यावर न येता उण्याच्या टोकाला गेला होता. गाणी जागच्या जागी होती. उणे पत्त्यात मीटरचा एक पूर्ण फेरा, ४,२९,४९,६७,२९६, मिळवला की झालं.

मिळवला. २,२३,४९,८८,०४४. कागदावर दोनदा करून पाहिलं, मगच टाकलं.

आईचा तेव्हाचा खणखणीत आवाज आला. मामा आला, तेल आलं. आत्या आली. आम्ही तिघंही बोटं मोजत होतो. चौथ्या ओळीनंतर गाण्यातली आई "कुकर बंद कर वो बाई!" असं म्हणाली आणि त्याच सुरात पाचवी ओळ सुरू केली. दहा ओळी झाल्या. अकरावी आली: आजी येते, रिकाम्या हातानं येते, पण तिच्याशिवाय हळद चढत नाही.

आजी म्हणजे नवरीच्या आईची आई. म्हणजे आमची आईच.

"घ्या," बायको म्हणाली. "आता कोणाशी भांडता?"

आई पदरानं तोंड झाकून हसत राहिली. "मायीच गेली होती का! मले वाटलं, कोणा दुसऱ्याची असल."

गाणं तेवढंच कापून मी ताईला पाठवलं, पावणेतीनला.

गुरुवारी पवनीला मांडवात मी फोन तयार ठेवून ताईशेजारी उभा होतो, ओळ अडली तर वाजवायला. ताईचे दोन्ही हात हळदीनं भरलेले. तिनं कोपरानं मला बाजूला केलं.

"ठेव खिशात. माया पाठ हाय."

ती गायली. कुकरही गायली असती, पण तिथे हसू आवरून तिनं पाचवी ओळ पकडली. आमची आत्या समोरच बसली होती, आत्याच्या ओळीला तिनं आजूबाजूला नीट बघून घेतलं. आजीची ओळ आली तशी ताई आईकडे वळली आणि ती ओळ तिनं दोनदा म्हटली. म्हणजे बारा झाल्या.